धूम्रा म्हातारीचा आवाज

३ मे २००४, सोमवार

वज्रपंख घरात आला! सीडीवर — आणि मराठीतून! मुरारीच्या सीडीच्या दुकानात सगळे आठ भाग आलेत म्हणे. देवश्रीला सुट्टी लागली म्हणून आमच्या हर्षदने औद्योगिक वसाहतीतून काम सुटून येताना पहिले दोन भाड्याने आणले. टीव्हीवर हे कार्टून हिंदीतून लागायचं, मला निम्मं कळायचं नाही. नात सांगायची, तेही जाहिराती लागल्या की. आणि ऐन मारामारीत लाईट जायची. मग तो दरीत पडला की वाचला, आठवडाभर जिवाला घोर. आता लाईट आली की पुन्हा लावायचं, पुढे ढकलायचं, की परत तीच दरी! काय डोकं लढवतात माणसं.

डब्यावर त्याचं चित्र. निळे पंख, छाती ही एवढी. नवी वस्तू म्हणून मी सीडीला हळदकुंकू लावायला गेले तर देवश्री किंचाळली, "आजी, तिला नको! चालणार नाही ती! डब्याला लाव!" डब्याला लावलं. मुरारी काय म्हणेल ते म्हणो.

४ मे

दोन्ही भाग परत पाहिले. पापडाचं पीठ तसंच राहिलं.

७ मे, शुक्रवार

तिसऱ्या भागात धूम्रा नावाची म्हातारी चेटकीण आली. माझी तर तीच आवडती! वज्रपंख चांगला आहे, पण त्याचं सगळं सरळ. उडतो, मारतो, घरी जातो. हिचं बोलणं बघावं! "ये हो राजा, बस इथे, जेव पोटभर — मग पंख उपटत्ये तुझे." असं लाडाने! देवश्री म्हणते हिंदीत ती नुसती ओरडायची, आवाजही दुसरा होता.

मग तिने आपल्या गिधाडांना हाक मारली. "ये गो शेवंते, ये गो पिवळे, येऽऽ" — आणि शेवटचा ये वर चढवून तसाच टांगून ठेवला.

माझ्या हातातलं ताट खाली आलं.

आमची आई कोंबड्यांना खुराड्यात घालताना अशीच हाक मारायची. नावंही तीच. शेवंती तांबडी, पिवळी म्हणजे पिवळ्या पायांची. आणि आईची हुबेहूब नक्कल करायची ती एकच. बया. माझी पाठची बहीण. कोंबड्या फसायच्या! भरदुपारी ओळीने खुराड्यात जाऊन बसायच्या. आई काठी घेऊन बयाच्या मागे, आणि मी हसून हसून आडवी.

रिमोट देवश्रीच्या हातात होता. चार वेळा मागे घ्यायला लावलं. "आजी, बरं वाटत नाही का तुला?" म्हणाली.

९ मे, रविवार

बयाबद्दल कधी लिहिलं नाही. आज लिहिते.

पोलादपूरला जत्रेत नाटकवाले आले होते. त्यांच्याबरोबर गेली. सतरा वर्षांची. माझं लग्न होऊन मी इकडे महाडला आले होते. बाबांनी सावित्री नदीवर जाऊन तिच्या नावाने आंघोळ केली. जिवंत पोरीच्या! भाऊ दत्तूदादाही उतरला पाण्यात. मला निरोप आला तशी मीही न्हाणीत जाऊन डोक्यावरून दोन तांबे घेतले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. घेतले. तिच्या कानावर गेलं असेल का ते?

त्रेचाळीस वर्षं झाली. आहे की नाही, तेही ठाऊक नाही.

हर्षदला सांगितलं. म्हणाला, "आई, मुंबईत हजार बायका माइकपुढे घसा बसवतात. कोंबड्या काय तुमच्याच घरी होत्या?" तसं खरंच आहे.

१० मे

दत्तूदादाला पोलादपूरला फोन केला. "बयाचा आवाज ऐकला," म्हटलं.

"कुठं?"

"कार्टूनात."

"विनोदिनी, नातीबरोबर बसून डोकं फिरलं तुझं. नावाने आंघोळ केली ती विसरलीस? मेल्या माणसाचं काढू नको." फोन आपटलाच.

भावाला साठी उलटली तरी राग तेवढाच.

१३ मे, गुरुवार

पाचवा, सहावा! सहाव्यात धूम्रा हरते, वज्रपंख तिला सोडून देतो. ती जाताना वळून म्हणते, "माझ्या वाटणीचं ऊन तेवढं ठेव रे." डोळ्यांतून पाणी. चित्रातल्या बाईसाठी! बोलणारी कोणीही असो, तिची दृष्ट काढावी.

देवश्रीलाही बयाचं सांगितलं होतं. पोर हुशार. म्हणाली, "आजी, शेवटी नावं येतात की. टीव्हीवर कापायचे, सीडीवर आहेत." गाणं संपलं तशी नावं मुंग्यांसारखी वर पळाली. तिने जवळ जाऊन भराभर वाचली. "बया कुठेच नाही गं, आजी." दोनदा बघितलं बिचारीने.

नाही तर नाही. जेवले नाही मात्र.

१५ मे, शनिवार

आज सीड्या परत जायच्या होत्या. सकाळी सगळे बाहेर गेल्यावर मीच लावली. मला भराभर कुठलं वाचता येतं? दोन यत्ता शिकलेली मी, ही वहीसुद्धा अक्षर अक्षर जुळवत लिहिते. नावं थांबवली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले. काच सगळी बोटांनी माखली.

धूम्रा — बनू देसाई.

देसाई आमचं माहेरचं. आणि बनू मी! लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने विनोदिनी लिहिलं, आणि त्या दिवसापासून मी विनोदिनी. पोराला नाही माहीत, नातीला नाही माहीत. दादासुद्धा विनोदिनीच म्हणतो. बया तेवढी म्हणायची नाही. "मी बनूच म्हणणार, तुला नको असेल तर ते नाव मला देऊन टाक."

दादाला फोन लावला. "बया हाय रे. माझं नाव लावून हाय."

या वेळी त्याने फोन आपटला नाही. ठेवलाही नाही.