बोल्ट दिला नाही

प्रिय ताई,

अक्षर बघून घाबरू नकोस, मीच आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून डाव्याने गिरवते आहे. एरवीही माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आता ती कोंबडी लंगडीही झाली एवढंच. बाबा कालच दवाखान्यातून घरी आले. जबडा तारेने बांधलाय, सगळं नळीने प्यायचं. जन्मभर प्रत्येक घासाला खोड काढणारा माणूस आता आईने पुढे केलेला पेला मुकाट्याने रिकामा करतो. आई म्हणते, लग्न झाल्यापासून घरात एवढी शांतता पहिल्यांदाच. हसून म्हणते, आणि मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडते.

तिने तुला फोनवर सांगितलं की बाबा दुकानात शिडीवरून पडले. ताई, आपल्या बंदूक दुरुस्तीच्या एवढ्याशा दुकानात शिडी होती कधी? छताला तर माझा हात पोचतो.

तुझा नवरा आला होता. इतकी वर्षं भावजी म्हणत आले, पण या पत्रात म्हणणार नाही. भर दुपारी आला, खांद्यावर नवीकोरी रायफल, पॉइंट टू-टू, स्वस्तातली. परवाना दाखवला. गोदामात उंदीर माजलेत म्हणाला. गोळी आत सारणारा बोल्ट इतका घट्ट होता की उचलताना हँडलवर तळहात मारावा लागे, आणि मागे ओढताना वाटेत खरखरत अडकायचा. "पहिली गोळी चुकली तर दुसरी भरेपर्यंत सावज पळून जातं," असं म्हणत त्याने ती बाबांपुढे ठेवली. बाबांनी माझ्याकडे सरकवली. त्यांचे डोळे आता बारीक कामाला साथ देत नाहीत. मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं, असं तुला वाटेल. पण तो इतका गोड बोलत होता! बाबांसाठी चहा मागवला, माझ्या कामाचं कौतुक केलं. "मी बदललोय," म्हणाला. "तिला सांगा, घर तिची वाट बघतंय." बाबा मान डोलावत होते. तुला आठवत असेल, तुझ्या कानातून रक्त आलं होतं तेव्हाही त्यांनी अशीच मान डोलावली होती. भांड्याला भांडं लागतंच, म्हणाले होते.

मी बोल्ट काढून घेतला. स्वस्त बंदुकीचा दोष बहुतेक वेळा आतल्या खरबरीत धातूत असतो. कारखान्यात शेवटचा हात फिरवायला कुणाला वेळ नसतो. बोल्टला काळी शाई फासायची, आत घालून चार वेळा मागेपुढे करायचा, आणि जिथली शाई पुसली जाते तेवढंच बारीक पॉलिश कागदाने घासायचं. घाई केली की काम बिघडतं. मी घासत होते, पुसत होते, तेल लावून पुन्हा चालवत होते. हळूहळू खरखर गेली. पुढे तर एका बोटाने ओढता येऊ लागला. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. हाताला काम आवडतं, ते कुणाचं आहे हे हाताला कळत नाही.

शेवटचं पुसायला मी बोल्ट पुन्हा बाहेर काढला, तेवढ्यात त्याने विचारलं, "बेकरीवरून आत वळलं की तिची खोली डावीकडेच ना? निळं दार?" सहज विचारावं तसं. ताई, तुझा पत्ता आम्ही कुणालाच दिलेला नव्हता. आईलासुद्धा फक्त फोन नंबर माहीत आहे. बाबांच्या हातातली कपबशी खाली आली. त्यांनी रायफलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बोल्ट देऊ नकोस," मला म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज मला बापाचा वाटला.

त्याने रायफल नळीकडून धरली आणि दस्ता बाबांच्या तोंडावर मारला. लाकूड फुटावं तसा आवाज आला. बाबा कामाच्या टेबलावर पडले, माझ्या कागदांवर त्यांचे दात सांडले. मी बोल्ट सुटे भाग धुण्याच्या रॉकेलच्या डब्यात टाकून दिला. त्याला वाटलं माझ्या मुठीत आहे. त्याने माझं मनगट पिरगाळून हात टेबलावरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात घातला आणि आवळायचा दांडा फिरवायला लागला. "उघड मूठ." ती कशी उघडणार, लोखंडात आवळलेली! हाडं मोडताना आधी दुखलं नाही, नुसतं ऐकू आलं. मी त्याच्या तोंडावर थुंकले. मग त्याने आणखी एक पीळ दिला.

मला वाटलं होतं बाबा बेशुद्ध आहेत. ते टेबलाला धरून उठले, हनुवटी लोंबत होती, आणि त्यांनी हातोडा त्याच्या खांद्यावर घातला. एकदा नाही. तो खाली पडला तरी घालत राहिले, तोंडातून शब्द नाही, नुसतं रक्त आणि घोगरा आवाज. शेजारच्या लेथवाल्याने धावत येऊन बाबांना आवरलं नसतं, तर आज जेलमध्ये बाबा असते. तो गेला, एक हात लुळा धरून, रायफल घेऊन, शिव्या देत. बोल्टशिवाय ती काठीच, पण काठ्या पुष्कळ मिळतात.

आई आली तेव्हा आधी फरशी पुसायला बसली. पुसता पुसताच तिने शिडी रचली. "दोन्ही मुलींचं नाव चव्हाट्यावर आलं तर आपण तोंड कुठे दाखवायचं?" मी बाबांच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "हे तोंड दाखवू," म्हटलं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिचा राग करू नकोस. तिला खरंच वाटतं की झाकलं की भरतं.

आज सकाळी तिने सांगितलं की त्याने तुला फोन केला होता, रडला, आणि तू परत यायला निघते आहेस. फोनवर बोलायला गेले तर ती शेजारून हलत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. लेथवाल्याची बायको तुझ्या गावाला निघाली आहे, तुझा पत्ता फक्त तिला सांगितलाय, ती हे तुझ्या हातातच देईल. बाबांनी पाटीवर लिहून दिलंय, ते साक्ष देणार. तू पत्र वाचलंस असा तिचा निरोप आला की मी आणि बाबा पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद देऊ. त्याला ते कळेल, आणि मग तो आधी तुझ्या दाराशी येईल. म्हणून ताई, इकडे येऊ नकोस आणि तिथेही राहू नकोस. हे वाचून झालं की कपडे भर आणि नीघ. कुठे जातेस ते मला कळवू नकोस. मी सांगणार नाही अशी माझी खात्री आहे, पण मला अजून एक हात आहे, आणि तो वाइसमध्ये गेला तर काय होईल, हे मला माहीत नाही.

तुला कायम भांडून छळणारी, तरी तुझीच,
धाकटी