दोन अक्षरांवर थांबलेला संगणक

बाई, आज दुपारी एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, लिनक्स तुम्हाला कुणी शिकवलं?" मला मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं तो हिवाळा आठवला. परभणीत एक दिवस बंद होता, तुमच्या संगणक वर्गाला कोणी आलं नव्हतं. मी तेवढी होते, कारण वालूर गावची मी, तुमच्याच घरी राहून शिकायचे. तुमच्या भावाने हैदराबादहून मोठी डिस्क आणि लिनक्स या नव्या संगणकप्रणालीच्या फ्लॉप्या पाठवलेल्या. सगळं डिस्कवर उतरवून मी आपला जुना संगणक चालू करते, तर पडद्यावर एल आणि आय ही दोन अक्षरं उमटतात आणि तो गप्प होतो. मी रडकुंडीला येते. तुम्ही खुर्चीत, दुखऱ्या पोटावर उशी दाबून धरलेली. "रडायलीस कशाला? जुनं यंत्र हाय. चालू होताना त्याला डिस्कचा सुरुवातीचाच भाग दिसतो. लिनक्सचा गाभा लय पुढं जाऊन पडलाय, तो त्याला सापडंना. सुरुवातीला एक छोटा भाग पाड, गाभा तिथं ठेव." म्हणजे सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. "तुम्हीच करा ना," मी म्हटलं. तुम्ही हात उशीवरून हलवला नाहीत. "मी दवाखान्यातून परत येईन का, ठाऊक न्हाई. तुलाच करायचंय."

त्याच आठवड्यात माझे वडील, आबा, मला न्यायला आले. "बाई, पोरीचं लगीन जमायलंय." तुम्ही त्यांच्यापुढे चहा ठेवलात. "न्या की. पण माझ्या माघारी इथं शिकवणारं दुसरं कोणी न्हाई." आबांनी चहा संपवला, मग एकटेच वालूरला परतले.

तुम्ही शस्त्रक्रियेसाठी हैदराबादला गेलात. मी डिस्कचे भाग नव्याने पाडले, एकेक फ्लॉपी घातली. या वेळी अक्षरं थांबली नाहीत, ओळींमागून ओळी वर सरकत गेल्या. "बाई!" म्हणून मागे वळले, तर खोलीत कोणी नव्हतं. धावत जाऊन फोन लावला, तुमच्या भावाच्या शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला, "बाईंना सांगा, संगणक डिस्कवरून चालू झाला." दुसऱ्या दिवशी तुम्ही शस्त्रक्रियेतून उठलाच नाहीत.

वर्ग मी पुढे चालवला. तुमचे भाऊ अजून भेटतात, आम्ही मुलाबाळांचं बोलतो. तो निरोप तुमच्यापर्यंत पोहोचला होता का, हे मी त्यांना इतक्या वर्षांत विचारलेलं नाही. तुम्हाला लिहून विचारते आहे, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही.