जावक न झालेलं पत्र

तंजावर,
रविवार, दुपार

प्रिय विनुता,

सकाळपासून तुझे दोन फोन वाजून गेले आणि मी समोर बसून ते वाजू दिले. रागावू नकोस. फोनवर मला खोटं बोलता येतं, हे मी एकदा करून पाहिलं आहे. कागदावर जमत नाही. उभा जन्म दुसऱ्यांची पत्रं लिहिण्यात गेला, त्यामुळे हातात पेन असलं की माणूस थोडा तरी सरळ वागतो. हे पत्र तू एकटी असताना वाच. तुझ्या सासूबाईंना माझी मराठी फार आवडते हे ठाऊक आहे, तुझे वडील जुन्या बखरीतून उठून आल्यासारखे बोलतात असं त्या म्हणतात ना? पण हे पत्र त्यांना वाचून दाखवायचं नाही.

ऐया गुरुवारी पहाटे गेले. पुण्याच्या पेपरात आलं नसेल. सहा निवडणुका जिंकून तेवीस वर्षं खासदार राहिलेला माणूस एका पराभवानंतर इथल्याच लोकांच्या विस्मरणात जातो, तर पुण्याला त्याचं काय. तरी ओरत्तनाडूपासून तिरुवैयारूपर्यंतची माणसं आली होती. मोपेडवरून, टाउन बसने, एक म्हातारी तर सुनेचा हात धरून चालत आली होती. तिचा मुलगा मस्कतला वारला होता आणि त्याचा देह घरी आणायला ऐयांनी सतरा दिवस दिल्लीत दारं ठोठावली होती. ती मला म्हणाली, पत्र लिहिणारे तुम्हीच ना? मी मान खाली घातली. तुला वाटेल नम्रतेने घातली.

तू त्यांचं नाव घरात काढू देत नाहीस, म्हणून सात वर्षं मी काही बोललो नाही. आज बोलू दे. लहानपणी तू त्यांच्या ओट्यावर खेळली आहेस, तुला ते आठवत असेल. सकाळी सहापासून माणसं बसलेली. कुणाचा मनु, म्हणजे आपला अर्ज, कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही म्हणून, कुणाचा गाडीला थांबा द्या म्हणून. ऐया प्रत्येक कागद स्वतः वाचायचे आणि होण्यासारखं काम उजव्या खिशात, न होण्यासारखं डाव्या खिशात टाकायचे. लोकांना वाटायचं, जो खिसा रिकामा त्यात टाकतात. आत आल्यावर ते डावा खिसा आधी रिकामा करायचे. म्हणायचे, “होणाऱ्याला थांबता येतं, वरुण. न होणाऱ्याला आशेवर बसवू नको, त्याज आधी लिव्ह.” बाहेर तमिळ, दिल्लीत इंग्रजी आणि माझ्याशी त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरातली आपली मराठी. तमिळ मतदारांनी एका राममूर्ती रावला सहा वेळा निवडून दिलं, पण त्यांच्या मराठीचं गुपित माझ्याखेरीज फार थोड्यांना माहीत होतं.

अर्जांना क्रमांक घालण्याची पद्धत मात्र माझी. माझ्याआधीच्या चिटणिसाने आपल्या भाच्याचा कागद वर सरकवला आणि नोकरी घालवली. मी पहिल्याच दिवशी ठरवलं, ज्याचा अर्ज आधी त्याचं पत्र आधी, आणि कचेरीतल्या माणसांचं सगळ्यांच्या शेवटी. मला त्याचा मोठा ताठा होता. आपल्या घरात तो पिढीजातच आहे. आपले पूर्वज मुक्तांबाळच्या अन्नछत्रात वाढप्यांवर देखरेख करायचे. शेवटचा वाटसरू हात धुऊन उठला की मगच त्यांनी पानावर बसायचं. वाढणारा शेवटी जेवतो, हे आजोबा सांगायचे, वडील सांगायचे, आणि तुझ्या लग्नात मी साडेचारला जेवलो तेव्हा तुझे सासरे माझ्यासाठी ताटकळत बसले होते. तू तेव्हा आचाऱ्यांसमोर माझ्यावर ओरडलीस. बरोबरच ओरडलीस.

आता वादळाचं वर्ष आठव. एका रात्रीत माडांच्या बागा आडव्या झाल्या होत्या आणि अर्ज पोत्यांतून यायला लागले होते. त्याच आठवड्यात इथल्या डॉक्टरांनी तुझ्या आईच्या हृदयाची झडप निकामी होत चालली आहे असं सांगितलं. चेन्नईच्या इस्पितळाने शस्त्रक्रियेला दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. खासदाराचं पत्र गेलं तर तारीख अलीकडे येते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण मी ऐयांजवळ अवाक्षर काढलं नाही. तुझ्या परीक्षा होत्या, म्हणून तुलाही आईची नुसती दमणूक आहे एवढंच सांगितलं होतं.

त्यांना कळलं ते तुझ्या आईमुळेच, शांभवीमुळेच. ओरत्तनाडूच्या पडलेल्या बागा पाहून परतताना ते आपल्या घरी थांबले. तिने कॉफी आणली, आणि स्वयंपाकघरापासून ओट्यापर्यंतच्या दहा पावलांत तिला दोनदा भिंतीला हात टेकावा लागला. ऐयांनी टंबलर खाली ठेवला. मला काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. मला ओढतच कचेरीत नेलं, पत्र टाइप करायला लावलं, उभ्या उभ्या सही केली आणि म्हणाले, “हे आत्ता पाठीव.” दुसऱ्या दिवशी संसदेचं काम म्हणून ते दिल्लीला गेले.

विनुता, सही झाली होती.

आईकडून आजाराचं आणि पत्राचं कळल्यावर तू पुण्याहून रडत फोन केलास, अप्पा, पत्राचं काय झालं, तेव्हा मी म्हणालो की वादळाच्या गडबडीत ऐयांची सही राहिली. एवढंच वाक्य. त्यातलं वादळ तेवढं खरं होतं.

पत्र माझ्या खणात होतं. त्याच्यापुढे दोनशे अकरा अर्ज होते. घरं गेलेली माणसं होती त्यांत, गोठे गेलेली होती, आणि त्यांच्या डोक्यावरून पाय देऊन माझ्या बायकोचं पत्र पुढे न्यायचं मला जमलं नाही. मी त्याला सचोटी म्हणत होतो. खरं सांगायचं तर, उद्या कुणी म्हणेल वरुणरावानेही घरच्याचा कागद वर सरकवला, एवढ्याचीच मला भीती होती. मी रात्रंदिवस टाइप करत होतो, रांग लवकर संपावी म्हणून. शांभवीने एकदाच विचारलं, “माझं पत्र गेलं की?” मी म्हणालो, रांगेत आहे. ती हसली. म्हणाली, “वाढणारा शेवटी जेमतो. वाढणाऱ्याची बायको तेच्याहून शेवटी.” तिने खरंच थट्टा केली की मला सांगून पाहिलं, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. विसाव्या दिवशी ती गेली. तिच्या पुढे तेव्हा नऊ अर्ज उरले होते.

पत्र वेळेवर गेलं असतं तर ती वाचली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण तिला ती संधी मिळाली असती, आणि ती मी तिच्या पानातून काढून घेतली.

आई गेल्यावर चौदाव्या दिवशी तू ऐयांच्या ओट्यावर गेलीस. पन्नास माणसं होती. सगळ्यांना समजावं म्हणून तू तमिळमध्ये बोललीस, एका सहीला तुम्हाला वेळ झाला नाही का, माझी आई तुमच्या माणसांसाठी वीस वर्षं कॉफी करत होती. मी दारातच उभा होतो. ऐयांनी माझ्याकडे पाहिलं. एका क्षणात त्यांना सगळं कळलं, मला ते दिसलं. मग त्यांनी तुझ्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, चूक झाली, बाळा. पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी ती गोष्ट गावोगाव सांगितली. त्यामुळेच ते पडले असं नाही, पण कुंभकोणम रस्त्यावरच्या एका सभेत कुणीतरी ओरडून विचारलं तेव्हा त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं, चूक झाली. मी त्या रात्री त्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, मी उद्या विनुताला सांगतो. त्यांनी मला उठवलं. “नक्को. तिज एकच बाप हाय. खासदार तिज दुसरा मिळल.” मला हायसं वाटलं. हे लपवणार नाही, खरोखर हायसं वाटलं.

चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तीन आठवड्यांनी वाचा परत आली ती फक्त मराठी घेऊन. तमिळ नाही, इंग्रजी नाही. हजारोंच्या सभा गाजवणारा माणूस पाणी मागायचा, तेही घरात कुणाला कळत नव्हतं. मुलगा साईराम सिंगापूरला, त्याला मराठी थोडी समजते, बोलता येत नाही. सून हरिप्रिया इथलीच, तमिळ घरातली. तिने मला बोलावलं. रोज सकाळी मी त्यांच्या उशाशी बसायचो आणि ते बोलतील ते तिला तमिळमध्ये सांगायचो. ऊन येतं आहे, पडदा लावा. आई कोठे गेली. भात मऊ करा.

दहाव्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरून विचारलं, “शांभवीचं पत्र गेलं की?” डॉक्टर म्हणत होते की कधीकधी मन एखाद्या जुन्या दिवसात अडकून राहतं. त्यांचं बरोबर त्याच दिवसात अडकलं होतं. हरिप्रिया सासऱ्यांना मामा म्हणते; तिने विचारलं, मामा काय म्हणतात? मी म्हणालो, पेपर आला का विचारतात. ती धावत जाऊन पेपर घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ढकलून दिला आणि पुन्हा तेच विचारलं.

ते रोज विचारायचे, आणि मी रोज पेपर सांगायचो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, डाव्या हाताने ते गादीवर मारायचे. बिचारी हरिप्रिया दोन दोन पेपर घ्यायला लागली, मोठ्याने वाचून दाखवायला लागली. शेवटी डॉक्टरांनी शांत राहण्याचं औषध वाढवलं. माझ्या भाषांतराला जगात कुणी हरकत घेणारं नव्हतं, विनुता. ज्याला चूक कळत होती, त्याला ती सांगता येत नव्हती.

मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस की माझ्यासाठी खोली रंगवून झाली आहे, खिडकीत आईच्या आवडीची जाईची कुंडी ठेवली आहे, आता तंजावर पुरे झालं, या. मी रात्रभर त्या खोलीचा विचार करत राहिलो. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मला हवी आहे. पण ज्या बापासाठी तू ती रंगवलीस तो मी नाही.

सोमवारी ऐयांनी पुन्हा विचारलं. हरिप्रिया पेपर हातात घेऊन तयारच उभी होती. मी तिला तमिळमध्ये खरं काय ते सांगितलं, सगळं, आणि मग त्यांच्याकडे वळून म्हणालो, नाही गेलं, ऐया. माझ्याच खणात राहिलं. ते रागावले नाहीत. कुणी कामचुकार कारकून समोर आला की त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला, आणि ते म्हणाले, “मग आत्ता पाठीव.” त्यानंतर गुरुवारपर्यंत त्यांनी ते पुन्हा विचारलं नाही, गादीवर हातही मारला नाही. त्यांनी मला दिलेलं ते शेवटचं काम, म्हणून हे लिहितो आहे. सोबतचा पिवळा पडलेला लिफाफा उघड. खाली त्यांची सही आहे, वर तारीख आहे, तुझी आई गेली त्याच्या एकोणीस दिवस आधीची. जावक क्रमांकाची जागा इतकी वर्षं कोरी होती, ती आज मी भरली. ज्या पत्त्यावर ते जायला हवं होतं तिथे आता त्याचा उपयोग नाही, म्हणून तुझ्या पत्त्यावर पाठवतो. मी तिकीट काढलेलं नाही. तू ‘या’ म्हणालीस तरच काढीन, आणि घाई करू नकोस, तुझी इतर कामं आधी आटप.

तू म्हणशील तोवर तुझाच,
अप्पा