वरच्या ओळीत बघ

मखमलाबाद, नाशिक
दि. २६ सप्टेंबर २००२

ती. सौ. वत्सलाआत्यास,
सुवर्णाचा वाकून नमस्कार, वि. वि.

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन तुला माहीतच हाय, त्यात हे पत्र क्लासच्या कॉम्प्युटरवर टाइप करते. एकेक अक्षर हुडकून मारावं लागतं. ळ कुठं बसलाय तेच सापडत नव्हतं, म्हणून आधी एवढा वेळ कीबोर्ड नुसता बघत बसले. शेजारची पोरगी तोवर दोन पानं टाइप करून गेली. जाताना माझ्याकडं बघून हसली. का हसली ते कळलं नाय.

तू सांगितलं म्हणून क्लास लावला, पण खरं सांगू का, मला इथं कुणाचाच भरवसा वाटत नाय. भिकन सर रोज म्हणतात सुवर्णा छान चाललंय. नववीत बाई पण असंच छान छान म्हणायच्या, आणि एक दिवस धडा मोठ्यानं वाचायला उभं केलं. पुढचं तुला ठाऊक. सगळा वर्ग हसला आणि मी परत शाळेत गेलेच नाय. त्यामुळं कुणी छान म्हटलं की मी आधी दार कुठं हाय ते बघते.

कॉम्प्युटर पण तसलाच. सातव्या ओळीत चूक हाय म्हणतो. मी सातवी ओळ घासून घासून बघते, काय नसतंच. सर म्हणाले तो जिथं ओरडतो तिथं बघू नको, वरच्या ओळीत बघ. बघितलं तर सहाव्या ओळीच्या शेवटी टिंब-स्वल्पविराम राहिलेला. म्हणजे चूक एकाची आणि बोंब दुसऱ्याच्या नावानं. असल्या मशीनवर विश्वास कसा ठेवायचा? एक बरं हाय, त्याला हसायला तोंड नाय.

दसरा झाला की सोमवारी प्रत्येकानं आपापला प्रोग्राम सगळ्यांसमोर चालवून दाखवायचा. ज्याचा चालेल तो पुढं शिकणार, बाकीच्यांना टायपिंगच्या बॅचला बसवणार. मी फुल्या फुल्या जोडून पडद्यावर झेंडूचं तोरण काढते हाय. सगळं एका फ्लॉपीत हाय. काळी चौकोनी वडी असते बघ, तिला पत्र्याची सरकती झडप असते. बिस्किटाच्या डब्यात ठेवते. महेशदादा म्हणतो हे सगळं टाइमपास हाय, दसऱ्याच्या तोडणीला माणूस कमी पडलं की हिला मळ्यात घ्या. आई काहीच बोलत नाय. काल मात्र डबा उघडून फ्लॉपी उलटीपालटी करून बघत होती. मी आले तशी गुपचूप ठेवून दिली. का बघत होती?

जीव लावतेस तसाच लाव.
तुझी भाची,
सुवर्णा

*

सिन्नर
दि. २ ऑक्टोबर २००२

चि. सुवर्णास,
आत्याचे भरभरून आशीर्वाद.

तुझं छापील पत्र अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंना दाखवलं. त्यांना वाटलं सरकारी नोटीस आली. शुद्धलेखनाचं सोड, तुझे सगळे ळ जागेवर आहेत. कॉम्प्युटरवर शंका, सरांवर शंका, हसणाऱ्या पोरीवर शंका. तुला पोलिसातच घालायला हवी होती.

कंटाळा आला म्हणून उठायचं नाही, एवढं ऐक. एक ओळ चालली की ऊठ. चालली नसेल तर बसून राहा. माझी शाळा सुटली ती असंच उद्या बघू, परवा बघू करत.

पण घरातलं तू लिहिलंस ते मला खटकलं. महेश तोंडाळ आहे, पण बोलून मोकळा होतो. मला धास्ती आहे ती तुझ्या आईची. गोजरावहिनी माझ्या लग्नात पण गप्प होती आणि नंतर कळलं की सगळं तिच्याच मनासारखं झालं. फ्लॉपी उलटून बघते आणि तू आलीस की ठेवून देते, याचा अर्थ काय? डबा जागेवरून हलव. कुठे ठेवलास ते कुणाला सांगू नकोस.

आत्याला विसरू नको, म्हणजे झालं.
तुझी,
वत्सलाआत्या

*

मखमलाबाद
दि. १७ ऑक्टोबर २००२

ती. सौ. आत्यास,
नमस्कार, वि. वि.

हे पत्र हातानं लिहिते. क्लासला जात नाय.

तू म्हणाली तसं डबा धान्याच्या कोठीमागं ठेवला होता. खंडेनवमीला दादा आणि मी पहाटेच झेंडूचे क्रेट घेऊन फूलबाजारात गेलो. दादा दुपारी आणखी माल न्यायला घरी येऊन गेला. मी दिवे लागल्यावर आले. दसरा गडबडीत गेला. काल क्लासला फ्लॉपी घातली तर कॉम्प्युटर नुसता घरघरला आणि वाचताच येत नाय म्हणाला. बाहेर काढून बघितली तर झडप अडकलेली, आत ओल आणि पिवळा चिखल. सरांनी कापसानं पुसून बघितली, दुसऱ्या मशीनला लावली. तोरण गेलं.

दसऱ्याला आमच्या घरात सगळ्यांचेच हात झेंडूनं पिवळे असतात, त्यामुळं कुणाचे म्हणू? पण मधल्या वेळेला घरी आला तो एकटा दादाच. आणि क्लास बंद पडावा असं वाटणारा पण तोच. मी त्याला विचारलं नाय. विचारलं तर हसेल. त्याच्या डब्यात ठेचा दुप्पट घालते, तर म्हणतो आज भाजीला चव हाय.

आईला मी रडलेली कळलं. क्लास का बुडवला ते तिनं विचारलं, मी पोट दुखतंय म्हणाले. मग तिनं विचारलं, तुझ्या त्या वडीनं काम नीट केलं ना? आत्या, तिला वडीचं कशाला पडलंय? आता मला दोघांचाही संशय येतो. सोमवारी मी जाणार नाय. टायपिंगच्या बॅचला बसवतील ते सगळ्यांसमोर, त्यापेक्षा मळा बरा.

तू तरी माझ्या बाजूनं राहा.
सुवर्णा

*

सिन्नर
दि. १८ ऑक्टोबर २००२

चि. सुवर्णास,
आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि डोकं फिरलं. काम नीट केलं का म्हणून विचारते! मी आजच्याच टपालानं गोजरावहिनीला वेगळं पत्र टाकलं आहे. पोरीची शाळा सुटली तेव्हा गप्प बसलात, आता तिची दुसरी वाट कुणी बुजवली त्याचा जाब द्या, असं स्वच्छ लिहिलं आहे. तिला वाचता येत नाही, ती महेशकडून वाचून घेईल. बरंच आहे, दोघांना एकदम कळेल.

तू सोमवारी जायचंस. तोरण नसेल तर नसेल, पण खुर्चीत जाऊन बस.

मी तुझ्याच बाजूची आहे.
वत्सलाआत्या

*

मखमलाबाद
दि. २३ ऑक्टोबर २००२

ती. सौ. आत्यास,
वाकून नमस्कार, वि. वि.

परत टाइप करते, चुका पोटात घाल.

तुझं पत्र आईनं दादाकडं दिलंच नाय. शनिवारी ते माझ्यापुढं धरून म्हणाली, तू कॉम्प्युटर वाचतेस, हे पण तूच वाच. मोठ्यानं वाचायचं, आणि ते पण आईला असलं! मधलं गाळावं असं मनात आलं, पण ती माझ्या तोंडाकडंच बघत होती. सगळं वाचलं. अडखळत वाचलं. ती हसली नाय.

मग मला हाताला धरून ओट्यावर नेलं आणि बोटानं ओळ दाखवली. खंडेनवमीला इथं विळा मांडला, इथं फवारणीचा पंप, इथं कलमाचा चाकू, इथं दादाची सायकल. आणि शेवटी तुझी वडी. म्हणाली, घरातल्या सगळ्यांच्या हत्यारांची पूजा होते, एकट्या तुझंच हत्यार काय ते मला कळत नव्हतं. म्हणून आधी डबा उघडून बघून ठेवलं होतं. तू जागा बदललीस तर शोधायला अर्धा दिवस गेला. पाणी शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं, झडपेवर झेंडूचं फूल ठेवलं आणि पुसून होती तशी परत ठेवली. काम नीट केलं का म्हणून विचारलं, ते पूजा लागू पडली का ते बघायला.

आत्या, तो पिवळा चिखल हळदीचा होता. मी दादाला ठेचा घालत बसले आणि तू आईला जाब विचारत बसलीस. वडी भिजून बिघडली म्हणून सांगितलं, तर ती विचारत होती आता हत्यार गेलं तर काय करायचं. मी म्हणाले परत करीन.

सोमवारी लवकर गेले. तोरण डोक्यात होतंच, पहिल्यापासून मारलं. चालवलं तर नवव्या ओळीत चूक म्हणाला. मी नववी बघितलीच नाय, सरळ आठवीवर गेले, तिथं होती. मग पडद्यावर फुल्या उतरत गेल्या, खाली एकेक लोंबती माळ. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, जुन्या फ्लॉपीचं काय झालं होतं? मी उभी राहिले आणि म्हणाले, तिची पूजा झाली. सगळा क्लास हसला. ती टाइप करणारी पोरगी तर डोळे पुसत होती. मला वाटलं आता पाय दाराकडं जातील. गेले नाय. खाली बसले आणि तोरणाला आणखी एक माळ जोडली.

सर म्हणाले छान. ते खरंच म्हणतात का, याची शंका मला अजून हायच. पण टायपिंगला बसवलं नाय. नवी फ्लॉपी आईनं तांदळाच्या डब्यात ठेवलीय, पुढच्या खंडेनवमीला तिला लांबूनच ओवाळायचं असं ठरलंय. तू आईला एक पत्र टाक. गोड लिही, वाचायला मलाच लावणार हाय ती.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझीच,
सुवर्णा

ता. क. सांगायचंच राहिलं, आज सकाळी गोटीरामकाकांच्या विहिरीत बिबट्या पडलाय. वनखात्यानं त्याला वर काढायला दोराला बांधून खाट आत सोडलीय, तो तिच्यावर बसून वर सगळ्या गावाकडं बघतोय.