तुळशीला घातलेली साय

३ मार्च २०१४, सोमवार
आज माझ्या ताकाच्या बरणीला फ्रिजच्या आतल्या कप्प्यातून हद्दपार करून दारात बसवण्यात आलं. कोणी विचारलंही नाही. तिच्या जागी आता सुनेने, अनुश्रीने, काढून ठेवलेल्या स्वतःच्या दुधाच्या बाटल्या. तिची रजा संपली, ऑफिस इथून लांब, नया रायपुरात. बायको, पद्मिनी, तिच्या बहिणीकडे नागपूरला, मुलगा बिलासपूरला. म्हणजे नातवाचा, स्वानंदचा, चार्ज माझ्याकडे. रेल्वेत जन्मभर पार्सलं सांभाळली, हे काय एवढं?
अनुश्री सांगून गेली, बाबा, उकळायचं नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवायची, वरचा थर हलवून मिसळायचा. मी मान डोलावून हव म्हटलं.

४ मार्च
कोमट पाण्याने दूध तापतं होय? आमच्या आईने ऊत आल्याशिवाय कोणाला दूध दिलं नाही. बाटलीत वर जाड साय. लेकराला जड. ती चमच्याने काढली, तुळशीला घातली. मग दूध चांगलं खळखळून उकळलं.
संकल्प: सुनेला सांगायचं नाही. उगाच टेन्शन घेते.

१२ मार्च
दूध पातळ वाटतं. पाण्यासारखं. मी घरात एक शब्द बोललो नाही. फक्त शेजारच्या मंदाकिनीबाईंना बोललो.

१३ मार्च
मंदाकिनीबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन हजर. अनुश्रीला म्हणाल्या, तुह्यं दूध पातळ आहे म्हणे, पोट्टे, खात जा. अनुश्रीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.
लाडू तिने खाल्ले नाहीत. वाया जाऊ नयेत म्हणून मी खाल्ले.

२८ मार्च
स्वानंदचं वजन जागचं हलत नाही. अनुश्री म्हणाली, माझ्यातच काही कमी आहे बाबा, नोकरी सोडते. मी धीर दिला. म्हटलं, असतं एखादीचं तसं.

२९ मार्च
स्वानंदला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दूध गरम कसं करता? मी पुढे होऊन सांगितलं, साय काढून, तीन उकळ्या देऊन.
त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, दादाजी, सिर्फ गुनगुना करना था. म्हणजे कोमटच. म्हणे उकळून त्यातली जीवनसत्त्वं गेली, आजाराशी लढणारं जे असतं तेही गेलं. आणि ती साय म्हणजेच लेकराचं वजन.
तुळस मात्र जोमात आहे.
अनुश्री रागावली नाही. ऑटोत घरापर्यंत बाळाची टोपी नीट करत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

३० मार्च, रविवार
नोकरी सोडणं रद्द. उद्या पाडवा, मंगळवारपासून ती ऑफिसला. दूध कोण पाजणार, हे मला विचारलं नाही. पद्मिनीला मात्र फोन गेला.
दुपारी लाडवांचा डबा घासला. रिकामा परत देऊ नये म्हणून साखर भरली. मंदाकिनीबाईंच्या ओट्यावर पाऱ्यातल्या, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यातल्या, सगळ्या बाया बसलेल्या. परत फिरणार होतो.
डबा दिला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, सुनेचं दूध पातळ नव्हतं, साय मी काढत होतो.
मंदाकिनीबाई म्हणाल्या, अगा माय, भाऊजी, हे त्या पोट्टीले सांगतलं का?
म्हटलं, तिला कालच कळलं. तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं.