माझ्या नाकाचा पहारा

धाकटे,

आशीर्वाद घे, आणि उलट टपाली गुडघ्यांचं रडगाणं लिहू नकोस. गुडघे मलाही आहेत. मी बरी. नातूही बरा (दारू सुटून वर्षं झाली, मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू. उदासी अधूनमधून येते, मुक्काम ठोकते, जाते, अगदी तुझ्या नणंदेसारखी).

तो दर आठवड्याला दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जातो, शाळेच्या एका वर्गात. मी घसा फोडून जे जमलं नाही, ते नुसत्या खुर्च्या गोल मांडून कसं जमतं, हे मला बघायचंच होतं. परवा घरच्यांनाही बोलावलं, तशी गेले. काही नाही गं तिथे! एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. (एक शिंपी रडत होता. त्याला सांगण्याजोगं माझ्याजवळ इतकं होतं, की पदराचा बोळा तोंडात धरून बसले.)

मग नातवाची पाळी. तो संध्याकाळी घरी आला की मी दारातच त्याचं तोंड हुंगते, तुला ठाऊक आहे. तर हा सगळ्यांदेखत म्हणतो, आजीला वासच येत नाही! तपकीर ओढून नाक कधीच गेलंय, शेगडीवर दूध करपलं तरी पत्ता नसतो. अगं, हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं! पुढे म्हणाला, तरी मी रोज वाकतो. जिला वास येत नाही तिच्यापुढे पिऊन वाकायचं, इतका निर्लज्ज मी अजून झालो नाही. म्हणून गुत्त्याची गल्ली टाळतो.

कान पिळायला उठणार होते, तेवढ्यात शिंकले. ती शिंकही सगळ्यांनी माना डोलावत ऐकून घेतली.

घरी येताना विचारतो, आता हुंगणं बंद ना? दारात म्हटलं, "वाक, मेल्या."

तुझी थोरली

ता. क. तुझ्याकडची तपकीर पाठव, मोठा डबा. डॉक्टर म्हणतात, सोडली तर नाक परत येईल. आणि एखाद्या दिवशी खरंच वास आला तर मी काय करू?

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहूनच गेलं, म्हणून हेही लिहिते. काल तो दारात वाकलाच नाही. म्हणाला, आजी, आज फार प्यावंसं वाटलं, गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. मी चहाला दूध ठेवलं आणि ऐकत बसले. एक शब्द सल्ला दिला नाही. दूध करपलं, या खेपेला त्यालाही कळलं नाही. पातेलं त्यानेच घासलं. मी फक्त शेजारी उभी राहून कसं घासायचं ते सांगितलं.