दिल्लीला पाठवलेलं विरजण

११ फेब्रुवारी १९९०, रविवार
आज या घरात घोर अन्याय घडला. पुढच्या पिढ्यांसाठी नोंद करून ठेवतो. लिंबाच्या लोणच्याची बरणी सरकारजमा झाली. लोणचं वाडग्यात निर्वासित. बरणीत मिठागराचं पाणी. रंग पातळ कोकम सरबताचा. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या मेहताभाईंच्या पाहुण्याने तेच समजून घोट घेतला होता. बिचारा दिवसभर पाणी पाणी करत होता. म्हणून या खेपेला बरणीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी: ‘पेय नव्हे.’

अपील केलं. सुधा म्हणाली, “अहो, लोणचं महिन्यात संपेल. हे पाणी मेपर्यंत लागणार आहे.” अपील खर्चासह नामंजूर. बायको जीवाणूशास्त्राची प्राध्यापक असली की हे चालायचंच. वार्ताहराच्या घरात बातमी सोडून सगळं शिळं.

१८ फेब्रु.
दिल्लीचा अर्ज भरून झाला एकदाचा. आपलं सरकार आणि पूर्व जर्मनीचं सरकार यांच्यात विज्ञानाचा करार आहे. दोन देशांतल्या दोघांनी मिळून काम मांडायचं. प्रवास, राहणं, यंत्रसामग्री दोन्ही सरकारं वाटून घेणार. इकडून सु., तिकडून हेल्गाबाई. आठ वर्षं पत्रव्यवहार, अजून एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. खाऱ्या पाण्याला लाल करणारे जीवाणू हा दोघींचा जिव्हाळ्याचा विषय. आमच्या भाईंदरचा जीवाणू कुणी आजवर न नोंदलेला आहे, असं सु.चं म्हणणं. सिद्ध करायला लागणारं यंत्र हे.बाईंकडे. कॉलेजात सु.कडे एक सूक्ष्मदर्शक, आणि आता माझी बरणी.

अर्जांचा निकाल जूनच्या बैठकीत. अट एकच जाचक. जाणाऱ्याचं वय पन्नासच्या आत हवं. सु.ची पन्नाशी पुढच्या वर्षी मेमध्ये. म्हणजे हीच खेप. ती हे बोलत नाही, मीही नाही.

४ मार्च, रवि.
सारांश हिंदीतही हवा म्हणे. काम माझ्याकडे. “इतकी वर्षं संस्कृत मिरवताय, आज जरा वापरा.”

‘कल्चर’ या शब्दापाशी दुपार गेली. काचेच्या बशीत खाऊपिऊ घालून वाढवलेले जीवाणू ते कल्चर. इथले तिकडे, तिकडचे इथे द्यायचे, हाच करारातला मुख्य व्यवहार.
सु.: “सरळ विरजण लिहा की.”
“दिल्लीला विरजण पाठवू?”
“का नाही? दह्यात तरी दुसरं काय असतं?”
विरजण म्हटलं की आशेवर पडलेलंच आठवतं, सरकारदरबारी अपशकुन नको. ‘संवर्ध’ लिहिलं. सम् + वृध्, नीट वाढवणं. ‘संवर्ध-विनिमय’. इतका नेटका शब्द बऱ्याच दिवसांत हातून उतरला नव्हता. स्वतःला एक चहा जास्त मंजूर केला.

२२ एप्रिल, रवि.
सकाळी सु.बरोबर मिठागरावर. पाणी आता पुरतं लाल. गणूदादा फावड्याने मीठ ओढत होता. चाळीस एक वर्षं इथलाच.
“बाय, यंदा पन पानीच नेतंस? आमचा मीठ काय गोड हाय?”
सु.: “पाणी नेल्याने तुमचं मीठ कमी होत नाही, गणूदादा.”
“कमी न्हाय होत. पन लोका इचारतान, ही बाय वैद हाय का येडी हाय?”
“दोन्ही हाय म्हणून सांगा.”
मग माझ्याकडे वळून, “आनि तुमी काय करताव?”
“मी बरणी धरतो.”
“मंग बरा हाय,” म्हणाला. सहानुभूतीने.

परतताना सु. अखंड बोलत. आम्ही पुढच्या वर्षी या कोपऱ्यातलं घेऊ, आम्ही अमुक तापमानाला वाढवून बघू. कोण आम्ही, म्हटलं. “हेल्गा आणि मी. तुम्ही बरणीला आहातच.” सत्तावीस वर्षं मी ‘आम्ही’त होतो, आज बरणीला लागलो. थोडं लागलंच. पण उन्हात तिचा चेहरा असा होता की तक्रार तिथेच गिळली.

५ जून, मंगळ.
दिल्लीचं पत्र. दोनदा वाचलं, मग सु.ला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘आपके सांस्कृतिक विनिमय के प्रस्ताव के संदर्भ में’ त्यांना माहिती हवीय: दलात कलाकार किती, वाद्यं कोणती, कार्यक्रमाचा अवधी काय.

कुणा भल्या माणसाला ‘संवर्ध’ अडला आणि त्याने तो सुधारून ‘संस्कृति’ केला. फाईल विज्ञानाकडून निघून नाचगाण्याकडे.
सु.: “लिहा. कलाकार एका थेंबात मावतात. वाद्य नाही. रंगभूषा स्वतःची.”
मग हसली. हसता हसता थांबली. “जूनची बैठक गेली हो.”

६ जून
केबिन रोडच्या एस.टी.डी. बूथवरून सु.चा दिल्लीला फोन. मी काचेला कान लावून; पलीकडचं सु.ने नंतर सांगितलं. बूथवाला उघडच ऐकत होता.
“मैडम, फाइल तो कल्चर में है।”
“भाईसाहब, वो बैक्टीरिया का कल्चर है।”
“जी जी। मगर कौन से प्रदेश का?”
“...भाईंदर का।”
“भाईंदर,” पलीकडे लिहून घेतल्याचा आवाज.
शेवटी तिसऱ्या माणसाला उमगलं. सज्जन वाटला. फाईल मूळ जागी पाठवतो म्हणाला. आता सप्टेंबरची बैठक. पैसे देताना बूथवाला मला हळूच, “भाभीजी नाचतात काय?”

विरजणच लिहायला हवं होतं. ते कुणीही सुधारलं नसतं.

२ जुलै, सोम.
पूर्व जर्मनीचं चलन कालपासून बाद, पश्चिमेचं चालू. गेल्या वर्षी बर्लिनची भिंत पडली तेव्हा आमच्या दैनिकाने ती पहिल्या पानावर घेतली होती आणि माझी भाईंदरच्या टँकरची बातमी आत ढकलली होती. त्या ढिगाऱ्याखाली आमचीच फाईल यायची आहे, हे तेव्हा कुठे सुचलं.

जिन्यात मेहताभाई. “प्रोफेसर मैडम जर्मनी जा रही हैं ना? कौन सी वाली?”
“पूरबवाली.”
“वो तब तक रहेगी?”
थट्टेवारी नेलं. वर येऊन सु.ला मात्र सांगितलं नाही. तिने पेपर वाचलेलाच होता, तिनेही मला सांगितलं नाही.

१९ सप्टेंबर, बुध.
शिफारस झाली! तार आली. समितीने काम उत्तम ठरवलंय, आता दोन्ही बाजूंच्या सह्या. पेढे आणले. सु.ने पहिला बरणीसमोर ठेवला, मग मला. मेहताबेनने तिला स्वेटरची लोकर देऊ केली, “वहाँ ठंडी बहुत, बेन.”
दोन्ही बाजूंच्या सह्या. यातली दुसरी बाजू सध्या घर आवरतेय, असं मनात आलं. पेढ्याबरोबर ते बोललो नाही.

३ ऑक्टोबर, बुध.
आज तो देश संपला. लढाई नाही, काही नाही. काल होता, आज नाही.

संस्कृतात एकवचन, द्विवचन, बहुवचन. मराठीने द्विवचन टाकून दिलं. दोघं झाले की लगेच गर्दी. आज जर्मनीनेही टाकलं. द्विवचनाचं एकवचन झालं, तिथले लोक रस्त्यावर गात होते, आणि आनंद खरा असणारच. इतक्या वर्षांनी घरची माणसं भेटली. वाईट वाटून घ्यायला आपण कोण. जगाचं भलं झालं त्यात आमची एक फाईल गेली, एवढंच. हे वाक्य सु.ला म्हणून दाखवावं असं वाटलं होतं. ती भांडी घासत होती. पाण्याचा आवाज फार होता. राहू दिलं.

२२ ऑक्टो., सोम.
दिवाळी संपताच पत्र. करारातला दुसरा पक्ष अस्तित्वात नसल्याने मंजुरीची कारवाई करता येत नाही. नव्या जर्मनीबरोबरच्या योजनेत नव्याने अर्ज करावा. भाषा सौजन्याची. चूक कुणाचीच नाही. जूनमध्ये सह्या झाल्या असत्या तर काम चालू झालेलं असतं, आणि चालू कामं नवी जर्मनी पुढे नेतेय, असं तोच सज्जन फोनवर म्हणाला. उगाच म्हणाला.

सु.ने पत्र घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलं. “जाऊ दे,” म्हणाली.
या बाईच्या तोंडून हे दोन शब्द पूर्वी ऐकलेले नाहीत. म्युनिसिपालिटीने पाणी सोडलं नाही तर हंडा घेऊन तिथे जाऊन बसणारी ही.

१८ नोव्हेंबर, रवि.
हे.बाईंचं पत्र. इंग्रजी अजून तसंच, सगळं वर्तमानकाळात. त्यांच्या संस्थेची तपासणी होणार; कोण ठेवायचं, कोण नाही, हे पश्चिमेकडचे लोक येऊन ठरवणार. चोवीस वर्षं ज्या खुर्चीवर बसल्या त्या खुर्चीसाठी मुलाखत. तरी शेवटी लिहिलंय: तू नवा अर्ज कर, मी असेन तिथून सही करते, आपण दोघी अजून आहोत.

सु.ने वाचलं. उत्तर लिहिलं नाही. “तिला तिचं बघू दे. मी कशाला तिच्या मागे लागू?”
मी. हेल्गा आणि मी नाही, नुसतं मी.
नव्या अर्जाचे कागद मी कचेरीतल्या ओळखीने मागवून टेबलावर ठेवले. वयाची अट तीच, बैठक एप्रिलमध्ये. म्हणजे अजून बसते, जेमतेम. “या वेळी हिंदी सारांशात विरजण लिहितो,” म्हटलं. हसली, पण माझ्यासाठी हसली. मला फरक कळतो.

२ डिसेंबर
बाजारात गणूदादा. “बाय दिसत न्हाय ती? यंदाच्या मिठाचा पानी बांधाया घेतला आमी.”
कामात आहे, म्हटलं.
“बरनीवाला तरी यून जा.” मोठ्याने हसला. मीही हसलो.
सु.ला निरोप दिला. “हं,” म्हणाली, आणि पेपर तपासत राहिली.

९ डिसेंबर, रवि.
सकाळी बरणी परत मिळाली. उकळत्या पाण्याने धुतलेली, उन्हात वाळवलेली, माझी ‘पेय नव्हे’ची चिठ्ठी खरवडून काढलेली. “घ्या तुमची बरणी. लिंबं आणा.” दहा महिन्यांनी खटला जिंकलो.

“आणि ते जीवाणू?”
“मिठाच्या एका खड्यात ठेवलेत. मिठात राहतात ते वर्षानुवर्षं. त्यांना काही होत नाही.” हे अगदी शिकवण्याच्या आवाजात.

लिंबं आणली. कापली नाहीत. बरणी फळीवर रिकामी आहे, अर्जाचे कागद टेबलावर तसेच, त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवल्याचं गोल उमटलंय. तो कप माझा नाही. म्हणजे कागदाजवळ बसली होती एवढं खरं.

इतकी पानं विनोद करण्यात घालवली, आता सरळ लिहितो. ती जर्मनीला जाईल का, याची मला फारशी काळजी नाही. मंजुरी मिळेल, न मिळेल. देश असतील, नसतील. सुधाने बरणी आपण होऊन परत दिली, याची भीती वाटते. ती पुन्हा मागणार नाही, आणि मी मागायला लावू शकणार नाही. तिला मी काय म्हणू, हे मला ठाऊक नाही.